सार्वजनिक म्हणजे बेवारस नव्हे

जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' हा १९६८ सालचा अमेरिकी भयपट असंख्य प्रेक्षकांनी पाहिला तो स्वस्त, निकृष्ट व्हिडिओ कॅसेटवर. नकलेवरून नकल काढलेल्या त्या कॅसेटमध्ये आवाज घोगरा होई आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या छटा पुसल्या जात. ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने रंगविलेला नायक रात्रभर प्रेतांशी झुंजून वाचतो आणि सकाळी बंदूकधारी गोऱ्यांच्या गोळीला बळी पडतो. ज्या चेहऱ्यावर या चित्रपटाचा सारा अर्थ तोललेला आहे, तोच अशा कॅसेटवर अंधारात बुडून जाई.

असे का व्हावे? वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना स्वामित्वहक्काची सूचना नव्या शीर्षकावर घातलीच नाही. तत्कालीन अमेरिकी कायद्याने हक्क लोपला. पिट्सबर्गच्या ज्या मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत हा चित्रपट उभा केला, त्यांना डावलून कोणीही नकला विकाव्यात, अशी मुभा व्यापाऱ्यांना मिळाली.

येथे बाजारपेठेचे भाट हटकून म्हणतात, "पाहा, जे सर्वांचे ते कोणाचेच नाही!" १९६८ सालीच गॅरेट हार्डिन यांनी सामाईक संपत्तीच्या शोकांतिकेचा सिद्धांत मांडला होता, त्याचाही दाखला दिला जातो. परंतु आपला रोख व्यवस्थाहीन सामाईक संपत्तीवर होता, हे पुढे हार्डिन यांनीच मान्य केले, याचा मात्र सोयीस्कर विसर पडतो. शिवाय खाजगी मालकी हीच जपणुकीची हमी असेल, तर 'युनिव्हर्सल' कंपनीने १९४८ साली आपल्याच मालकीचे मूकपट नष्ट का केले? त्यांतून नफा दिसेना, एवढेच कारण पुरेसे झाले.

या चित्रपटाचा उद्धार अखेर २०१६ साली झाला. न्यूयॉर्कचे आधुनिक कला संग्रहालय आणि फिल्म फाउंडेशन या नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थांनी मूळ निगेटिव्हवरून त्याचे पुनरुज्जीवन केले. त्यासाठी ४८ वर्षे थांबावे लागले आणि दानशूरांच्या औदार्याकडे डोळे लावावे लागले, हा मात्र समाजावरचा ठपका आहे.

तेव्हा कायद्याने हक्क लोपला म्हणजे कृती जनतेची झाली, हा भाबडेपणा सोडला पाहिजे. जपणारी संस्था, तिला सार्वजनिक निधी आणि सामान्य प्रेक्षकाला चांगली प्रत मिळण्याची हमी, या तिन्ही गोष्टी असतील तेथेच सार्वजनिक मालकी नांदते. त्यांच्याअभावी उरते ती केवळ लूट.