तक्रार मिटली, असे म्हणायचे कोणी?

संगणक विभागात गेले काही महिने एक वाद चालू आहे. वाद संगणकाचा असला तरी तो कला, वाणिज्य, विज्ञान अशा सर्वच शाखांच्या मित्रमैत्रिणींच्या कामाचा आहे. तो विभागाच्या चार भिंतींत कोंडून राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच. कॉलेजच्या भाड्याच्या सर्व्हरवर आम्ही काही विद्यार्थ्यांनी, सरांच्या परवानगीने, तक्रारींची नोंद ठेवणारी एक प्रणाली बसवली. प्रयोगशाळेतला बंद संगणक, वर्गातला न लागणारा प्रोजेक्टर, वसतिगृहातला गळका नळ, ग्रंथालयाच्या सूचीतली चूक, जे बिघडले असेल ते तिथे नोंदवायचे. नोंदीला क्रमांक मिळतो आणि पुढे तिचे काय झाले ते पाहता येते. इथपर्यंत कोणाचेच दुमत नाही. वाद एवढाच की, तक्रार मिटली असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? दुरुस्ती करणाऱ्याचा, की ज्याची अडचण झाली त्याचा?

माझे मत आधीच सांगून टाकते. तो अधिकार अडचण ज्याची त्याचा आहे, आणि तो सर्व्हरवरच्या प्रणालीत लिहून ठेवला पाहिजे. कोणाच्या चांगुलपणावर सोडता कामा नये.

"कार्यालयात तक्रारवही आहेच की!" असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. आहे, हे खरे. ती कपाटात असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते बहुधा बँकेत गेलेले असतात. पण विनोद सोडू. वहीचा खरा दोष कुलूप हा नव्हे. वहीत तक्रार लिहिली जाते, खाली 'पाहिले' अशी सही होते आणि पान उलटते. 'पाहिले' आणि 'केले' यांच्यामधले अंतर वहीला दाखवता येत नाही. व्हॉट्सॲपच्या गटाची गत याहून वाईट. सकाळी दहाला टाकलेली तक्रार साडेदहापर्यंत वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडली जाते, आणि पुन्हा विचारणारा उगाच किरकिऱ्या ठरतो.

अशा प्रणाली मुळात प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीसाठी तयार केल्या. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरचा स्रोत जगापुढे खुला केला आणि मोझिला प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी टेरी वाइसमन यांनी बगझिला लिहिली. दोष कोणीही नोंदवावा, आणि नोंदीवर पुढे काय घडले ते सर्वांना दिसावे, ही रीत तिथे रुजली. पुढे मँटिस, ट्रॅक, रेडमाइन अशा कितीतरी आल्या. आम्ही मँटिस निवडली. मँटिस म्हणजे पुढचे पाय जोडून बसणारा आणि इतर किडे खाणारा तो हिरवा कीटक. प्रोग्राममधल्या दोषाला इंग्रजीत किडाच म्हणतात, तेव्हा नाव चपखल आहे. पण निवडीचे कारण नाव नव्हते. बगझिलाला पर्लचे आणि रेडमाइनला रूबीचे बरेच साहित्य लागते. मँटिस पीएचपीवर चालते, आणि आमच्या सर्व्हरवर पीएचपी व मायएसक्यूएल आधीपासून आहेत.

सामायिक सर्व्हर म्हणजे जुन्या वाड्यातले बिऱ्हाड. खोली आपली, पण नळ, चौक आणि जिना सगळ्यांचा. मालकाला विचारल्याशिवाय भिंतीत खिळा ठोकता येत नाही. पीएचपीची आवृत्ती कोणती, स्मृती किती, तासाला ईमेल किती, हे मालक ठरवणार. त्यात आमच्याच कॉलेजचे संकेतस्थळ आणि प्रवेशाचे अर्ज त्याच खोलीत राहतात. अशा ठिकाणी प्रणाली बसवणे हे तासाभराचे काम आहे. फाइली आपल्या जागेत उलगडायच्या, एक रिकामा डेटाबेस करायचा, ब्राउझरमधून स्थापनेचे पान उघडून डेटाबेसचे नाव आणि पासवर्ड भरायचा. तक्ते आपोआप तयार होतात. मात्र खरी काळजी त्यानंतर घ्यायची असते. पहिले खाते 'ॲडमिनिस्ट्रेटर' आणि त्याचा पासवर्ड 'रूट', हे मँटिसच्या माहितीपत्रकातच छापलेले आहे, म्हणजे साऱ्या जगाला ठाऊक आहे. ते त्याच क्षणी बदलायचे. स्थापनेचा 'ॲडमिन' नावाचा फोल्डर काढून टाकायचा. आणि डेटाबेसचा पासवर्ड ज्या फाइलीत उघड्या अक्षरांत लिहिलेला असतो, ती शेजारच्या बिऱ्हाडकरूंना वाचता येणार नाही अशी ठेवायची. काही अडले की "परवानगी ७७७ करून टाक" असा सल्ला देणारे मित्र प्रत्येक वर्गात असतात. ७७७ म्हणजे वाचा, लिहा, चालवा, कोणीही! किल्ली दाराच्या खिळ्याला टांगून बाजारात जाण्यासारखेच ते.

भाषेचाही प्रश्न होता, आणि आपल्या कॉलेजात तो असणारच. मायएसक्यूएलच्या २०१८ सालच्या आठव्या आवृत्तीपूर्वी नव्या डेटाबेसची मूळ लिपी लॅटिन धरलेली असे. तशा डेटाबेसात मराठी किंवा कन्नड मजकूर घातला की सगळी प्रश्नचिन्हे उमटतात. आमच्या सर्व्हरवरची आवृत्ती जुनी, म्हणून डेटाबेस करतानाच यूटीएफ-८ निवडणे भाग होते. या पद्धतीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते आणि कन्नडचेही तीनच. झुकते माप कोणालाच नाही. आता कोणी कन्नडमध्ये तक्रार लिहितो, खाली मराठीत शेरा पडतो, आणि क्रमांक दोघांचा एकच राहतो. प्रोजेक्टरला दोन्ही भाषा सारख्याच कळतात, म्हणजे कळत नाहीत.

मँटिसमध्ये नोंदीच्या प्रत्येक अवस्थेला आकडा असतो. नवी म्हणजे १०, कोणाकडे सोपवली म्हणजे ५०, निवारण झाले म्हणजे ८०, बंद म्हणजे ९०. मधले आकडे मुद्दाम मोकळे आहेत, आपापल्या अवस्था घालता याव्यात म्हणून. आम्ही ६० वर 'सामान मागवले आहे' अशी अवस्था घातली. ही सूचना आमच्या लॅबच्या अटेंडरमामांची. त्यांचे म्हणणे रास्त होते: "बल्ब यायला महिना लागतो, आणि पोरं रोज मला विचारतात." आता विचारावे लागत नाही. नोंद कुठे अडली ते दिसते आणि मामांवरचा विनाकारण राग कमी होतो. तक्रारीची नोंद ही दुरुस्ती करणाऱ्याच्या विरुद्ध असते हा समज किती चुकीचा आहे, ते यावरून कळावे.

आता मूळ वादाकडे येते. निवारण आणि बंद या दोन वेगळ्या अवस्था आहेत, आणि माझ्या मते सगळे मर्म या फरकात आहे. 'निवारण झाले' असे दुरुस्ती करणाऱ्याने म्हणावे; 'बंद' असे तक्रारदाराने म्हणावे. मँटिसमध्ये मूळ मांडणीनुसार तक्रारदार आपली नोंद पुन्हा उघडू शकतो, पण बंद करू शकत नाही. तो अधिकार देणारी ओळ वेगळी असते आणि ती आधी 'ऑफ' असते. ती 'ऑन' करावी, आणि तक्रारदाराआधी दुसऱ्या कोणी नोंद बंद करू नये, असे आमचे म्हणणे. समोरच्यांचा आक्षेप असा की, विद्यार्थी आळशी. काम झाले तरी कोणी नोंद बंद करणार नाही, आणि वर्षअखेर शेकडो उघड्या नोंदी पाहून तपासणीला आलेली समिती काय म्हणेल? आळशीपणाबद्दल मी भांडणार नाही. त्यासाठी उपाय आहे: निवारणानंतर पंधरा दिवस तक्रारदार काहीच बोलला नाही, तर विभागाने नोंद बंद करावी. पण समितीला बरे दिसावे म्हणून नोंदी बंद करायच्या असतील, तर मग जुनी वही काय वाईट होती? तीही नेहमी स्वच्छ दिसायची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. सगळ्या तक्रारी सर्वांना दिसाव्यात काय? नळ, संगणक, पुस्तके यांच्या जरूर दिसाव्यात. त्याने एकाच प्रोजेक्टरबद्दल नऊ जण नऊ नोंदी करत नाहीत. पण छळाची, त्रासाची, कोणा व्यक्तीविरुद्धची तक्रार या प्रणालीत मुळीच येऊ नये. मँटिसमध्ये नोंद 'खाजगी' करता येते हे खरे. तरी ज्याच्या हाती डेटाबेसचा पासवर्ड आहे तो खाजगी नोंदही वाचू शकतो, आणि आज तो पासवर्ड आम्हा विद्यार्थ्यांच्याच हाती आहे. लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती सांगितली आहे, तिथेच जावे. आम्ही पहिल्या पानावर तसे दोन्ही भाषांत लिहिले आहे. काहींना ते पान बेरंग करणारे वाटते. वाटो.

आणखी एक गोष्ट उरते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. परीक्षा झाल्या की आम्ही शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी निघून जाऊ. पासवर्ड आमच्याबरोबर जाऊ नये. तो बंद पाकिटात घालून ग्रंथपालांकडे ठेवावा, आणि दर वर्षी नव्या तुकडीने तो बदलून नवे पाकीट द्यावे. डेटाबेसची प्रत दर रविवारी आपोआप निघते. पण ती त्याच सर्व्हरवर पडून राहते, म्हणजे वाडा जळाला तर प्रतही जळेल. ती महिन्यातून एकदा विभागातल्या संगणकावर उतरवून घ्यायला कोणीतरी हवे. दुसऱ्या वर्षातल्या दोघींनी तयारी दाखवली आहे. कन्नड विभागातल्या मित्रांपैकीही एखादा पुढे आला तर बरे होईल.