सरसकट खोदकाम कशाला?



‘ड्रेनेज तुंबले की सगळी लाइन नवीच टाका’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला ठेकेदारांना फार आवडेल. जुन्या इमारतींत जमिनीखाली बहुधा स्टोनवेअरचे पाइप असतात. हे पाइप सहसा दीर्घकाळ टिकतात. दगा देतात ते सिमेंटने भरलेले सांधे. सांध्याला भेग पडली की ओलाव्याच्या मागावर झाडांची मुळे आत शिरतात, त्यांत कापड आणि सॅनिटरी पॅड अडकतात आणि तळमजल्यावरच्यांच्या संडासात पाणी उलटे येते. (वरच्या मजल्यांना तोवर काहीच पत्ता नसतो!) अशा वेळी आधी चेंबरमधून कॅमेरा घालून पाहावे. बिघाड एखाद्या सांध्यापुरता असेल, तर तेवढाच तुकडा बदलून भागते.

जमीन खचून लाइन मध्येच बसली असेल, तर मात्र पत्रलेखकांचे म्हणणे मान्य. आतून अस्तर लावल्याने भेगा बुजतात. पण गेलेला उतार परत येत नाही. तिथे खोदावेच लागते. चार इंची लाइनला साधारण 40 ते 60 फुटांत एक फूट उतार हवा. तो न मोजता टाकलेला नवा पीव्हीसी पाइपही तुंबणारच.

पत्रात एक मुद्दा राहूनच गेला. सुरक्षा साधनांविना गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईसाठी माणूस उतरवणे हा 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. ठेकेदार ‘पोरगा उतरवतो’ म्हणाला, तर सोसायट्यांनी काम तिथेच थांबवून जेटिंगची गाडी मागवावी.

– एक वाचक, पुणे