न्यूनगंडाचा आळ

‘आपली मुलं हुशार आहेत हो, कमी पडतो तो आत्मविश्वास.’ दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात प्रमुख पाहुणे हे वाक्य टाकतात, टाळ्या पडतात आणि पुढच्याच आठवड्यात गावात व्यक्तिमत्त्व विकास शिबिराचा फलक लागतो. मराठी माणूस धंद्यात का नाही, दिल्लीत का दिसत नाही, इंटरव्ह्यूत का मागे पडतो, या सगळ्याला एकच ठोक उत्तर: न्यूनगंड. निदान झालं की औषधही ठरलेलं. आधी स्वतःवर विश्वास ठेवा, यश मागोमाग येईल. या मांडणीची मोठी सोय म्हणजे ती कधीच खोटी पडत नाही. मुलगा पास झाला तर विश्वासामुळे, नापास झाला तर विश्वास कमी पडल्यामुळे. शिकवणारा दोन्ही वेळा मोकळा.

मला ही मांडणी चुकीची वाटते, आणि थोडी क्रूरही.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करतो. आत्मविश्वास असलेली माणसं पुढे गेलेली दिसतात, हे खरं आहे. ज्या मुलांना स्वतःबद्दल बरं वाटतं त्यांचे गुणही सहसा जरा बरे असतात. प्रश्न एवढाच, की यातलं आधी काय? कॅलिफोर्नियाने या प्रश्नावर फारसं न अडखळता 1986 मध्ये, जॉन वास्कोन्सेलॉस या लोकप्रतिनिधीच्या आग्रहावरून, आत्मसन्मान वाढवण्यासाठी चक्क सरकारी कार्यदल नेमलं. लोकांना स्वतःबद्दल चांगलं वाटू लागलं की गुन्हे, व्यसनं, शाळेतलं अपयश सगळंच आटोक्यात येईल, ही आशा. 1990 मध्ये अहवाल आला आणि मुलांना त्यांचंच कौतुक ऐकवण्याचे कार्यक्रम अमेरिकेतल्या शाळांतून जोरात चालले. 2003 मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन तपासलं. आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात याला आधार मिळाला नाही. उलट जो संबंध दिसत होता त्याचा काही भाग चांगल्या गुणांमुळे स्वतःबद्दल बरं वाटतं, असा होता. आत्मसन्मान आणि आत्मविश्वास एकच नव्हेत, हे कबूल. पण आपली शिबिरं दोन्ही एकाच पुडीत बांधून देतात, तेव्हा झाडाझडतीही एकत्रच व्हायला हवी.

आरशासमोर उभं राहून ‘मी समर्थ आहे’ म्हणण्याचंही तेच. जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं की स्वतःबद्दल आधीच चांगलं मत असणाऱ्याला अशा वाक्यांनी थोडं बरं वाटतं, आणि ज्याला खरी गरज आहे त्याला आणखी वाईट वाटतं. साहजिक आहे. मन आतून लगेच विचारतं, ‘कशावरून?’

कमरेवर हात ठेवून छाती काढून उभं राहण्याची कथा तर मजेदार आहे. 2010 मध्ये 42 जणांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यावर 2012 मध्ये त्यातल्याच एक संशोधक एमी कडी यांनी केलेलं भाषण जगभर पाहिलं गेलं. अशा पवित्र्याने शरीरातली संप्रेरकंसुद्धा बदलतात, असा दावा होता. 2015 मध्ये कितीतरी मोठ्या गटावर प्रयोग केला तेव्हा ते बदल सापडले नाहीत. 2016 मध्ये मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डेना कार्नी यांनीच या परिणामावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर लिहिलं. टिकलं ते इतकंच: आपण दमदार आहोत असं उभं राहणाऱ्याला वाटतं. आपल्याकडे मात्र तो पवित्रा अजून शिकवला जातो.

आता ‘क्रूर’ का म्हणालो ते सांगतो. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल पटकावणारी मुलगी पुण्यात कंपनीच्या इंटरव्ह्यूला जाते आणि ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ ऐकून गप्प होते. मुलगी तीच, आवाज तोच. कॉन्फिडन्स काय एसटीत विसरला? तिला कमी पडतो इंग्रजीत बोलायचा सराव, आणि असली ऑफिसं आतून पाहिलेलं घरातलं एखादं माणूस. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो, पैसा लागतो, कोणीतरी त्या द्याव्या लागतात. त्या न देता तिच्या स्वभावावर बोट ठेवलं की देणाऱ्याची जबाबदारी संपते. न मिळालेल्या संधीचं बिल तिच्याच नावावर फाडलं जातं.

खंडन इथवर. मग आत्मविश्वास येतो कुठून?

गांधींचं उदाहरण घ्या, पण महात्म्याचं नको, बिनकामाच्या बॅरिस्टरचं घ्या. विलायतेहून परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात तीस रुपयांची केस मिळाली. उलटतपासणीला उभे राहिले, डोकं गरगरलं, एक प्रश्न सुचेना. खाली बसले, दुसरा वकील करायला सांगून मोकळे झाले. आजच्या भाषेत ‘झीरो कॉन्फिडन्स’. 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेले तेव्हा समोर दादा अब्दुल्लांच्या पेढीचा दावा होता आणि तो सगळा हिशेबांचा. कारकून ‘पी. नोट’ म्हणतो, यांना कळेना. शब्दकोशात सापडेना. शेवटी कारकुनालाच विचारलं, तेव्हा कळलं की ती प्रॉमिसरी नोट. मग जमाखर्चावरचं एक पुस्तक विकत आणून अभ्यासलं, आणि त्याने थोडा आत्मविश्वास आला अशी नोंद त्यांनीच आत्मकथेत केली आहे. त्यानंतर प्रिटोरियात हिंदी व्यापाऱ्यांपुढे ते बोलले, ते आयुष्यातलं पहिलं जाहीर भाषण म्हणता येईल असं ते सांगतात. विषय व्यापारातला खरेपणा, आणि त्याची तयारी करून गेले होते. मुंबईचे गांधी आणि प्रिटोरियाचे गांधी यांच्यामध्ये कुठलं शिबिर नव्हतं. कारकुनाला अज्ञान सांगण्याइतका मोकळेपणा होता आणि जमाखर्चाचं पुस्तक होतं.

अल्बर्ट बांडुरा यांनी 1977 मध्ये याचीच शास्त्रीय मांडणी केली. ‘हे काम मला जमेल’ हा विश्वास त्या त्या कामापुरता असतो आणि चार वाटांनी येतो. सगळ्यात बळकट वाट, स्वतः करून जमल्याची. मग आपल्यासारख्याच कुणाला करताना पाहणं. मग दुसऱ्याने धीर देणं, आणि धडधड-घाम यांचा आपण लावतो तो अर्थ. आपली शिबिरं मुख्यतः धीर देण्यावर चालतात.

पहिल्या दोन वाटांचं बळ पाहायचं तर माण तालुक्यात या. सातारा जिल्ह्यातला हा दुष्काळी भाग, गाव म्हसवड. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर. चेतनाताई रडत परतल्या. बायकांनी त्यांना समजावलं, रडता कशाला, आम्ही शिकतो. काही महिन्यांनी पंधराएक जणी पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या. आमच्या लहानपणी शाळा नव्हती, हा काही आमचा गुन्हा नाही, असं त्यांनी साहेबांना सुनावलं. वर आव्हान दिलं: कुठलीही मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटरशिवाय काढायला लावा, बघू कोण आधी सांगतं. परवाना मिळाला, 1997 मध्ये माणदेशी बँक उभी राहिली. या बायकांना हिशेब कुणी शिकवला? रोजच्या धंद्याने. विश्वास त्यांच्यात होताच. तो दाखवायचं टेबल तेवढं मिळालं नव्हतं.

नेतृत्वाची चर्चा मला इथूनच करावीशी वाटते. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना 2011 पासून निम्म्या जागा आहेत. सुरुवातीला सरपंचबाई विचारतात, ‘सही कुठं करू?’ कारभार ‘सरपंचपती’ हाकतात. पण ज्या टिकतात त्यांची भाषा हळूहळू बदलते. ग्रामसेवकाने चेक पुढे केला की, ‘गटाराची एमबी झाली का? आधी ती दाखवा.’ एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, मागणारी बाई आवाज चढवत नाही. तिला गरजच नसते. आणि हे शिकेपर्यंत पाच वर्षं सरतात, आरक्षण फिरतं, पुन्हा नवी बाई, पुन्हा ‘सही कुठं करू’. पश्चिम बंगालमधल्या 495 गावांच्या अभ्यासात (2012) दिसलं की प्रधानपद लागोपाठ दोनदा महिलांसाठी राखीव राहिलं तिथे मुलगा आणि मुलगी यांच्याबद्दल आईबापांच्या आकांक्षांमधलं अंतर घटलं, मुलींच्या स्वतःच्या आकांक्षाही वाढल्या. त्या मुलींना कुणी प्रेरणादायी व्याख्यान दिलं नव्हतं. खुर्चीत बाई बसलेली त्यांनी दोन मुदती पाहिली होती.

म्हणून पुढाऱ्याला, साहेबाला, मुख्याध्यापकाला ‘तुमच्यात आत्मविश्वास किती?’ हा प्रश्न मी विचारणार नाही; तो बहुधा गरजेपेक्षा जास्तच असतो. तुमच्या हाताखालच्या किती जणांना तुम्ही पैशाचा, चुकण्याची मुभा असलेला, खरा व्यवहार सोपवला, हे विचारीन.

शिबिरं बंद करा असं म्हणणं नाही. पण टाळ्या वाजवायला लावण्याऐवजी खऱ्या बँकेचा कर्जाचा फॉर्म भरायला लावा, ग्रामसभेत प्रश्न विचारायला पाठवा, पुढच्या शिबिराचा हिशेब या वर्षीच्या मुलांच्या हाती द्या. आणि शेवटच्या दिवशी ‘कसं वाटलं?’ हा कागद भरून घेऊ नका. सहा महिन्यांनी फोन करा आणि विचारा, काय केलंत?