ऐंशीतला रॉक

रागसंगीतात वय वाढलं की गाणं मुरतं, असं आपण मानतो. रॉकला मात्र आपण तरुणांच्या खात्यात टाकून मोकळे झालो. 'रोलिंग स्टोन्स' या बँडने तो हिशेबच चुकवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा 'हॅकनी डायमंड्स' हा अल्बम आला, तेव्हा गायक मिक जॅगरने ऐंशी पूर्ण केली होती. स्वतःच्या नव्या गाण्यांचा स्टुडिओ अल्बम त्यांनी १८ वर्षांनी काढला. ड्रमर चार्ली वॉट्स २०२१ मध्ये गेले. त्यांचं वादन दोन गाण्यांत ऐकू येतं. अखेरीस येतं ते मडी वॉटर्सचं ब्लूज गाणं, ज्यावरून बँडने नाव घेतलं.

२००३ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर त्यांना ऐकलेली पिढीही आता पिकली आहे. म्हणूनच या अंकाचा विषय आहे 'वय आणि नवं काम'. जुन्या लौकिकाच्या आठवणी आम्ही मुद्दाम बाजूला ठेवल्या आहेत. उतारवयात आवाज, बोटं आणि दम बदलतात, तेव्हा कलावंत काय सोडतो, काय नव्याने शिकतो, याचा शोध इथे आहे.

तुमच्या आवडत्या ज्येष्ठ कलावंताचं अलीकडचं काम तुम्हाला कसं वाटलं? कौतुक असो वा तक्रार, मोकळेपणाने लिहा.