किल्ली कुणाकडे?



‘एनएफटी घ्या, पैसा दुप्पट होईल’ असं कुणी म्हणालं, तर आधी ती काय वस्तू आहे हे समजून घेऊ या.

अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या वहीतली, एकमेव क्रमांकाची नोंद म्हणजे एनएफटी. शंभराच्या नोटेऐवजी दुसरी चालते. ही नोंद मात्र सातबाऱ्यासारखी, एकीच्या जागी दुसरी चालत नाही. चित्रं, तिकिटं यांसाठी ती वापरतात. २०२२ साली गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातीच्या दाखल्यांसाठी अशाच पद्धतीची वही वापरायला घेतली. त्यात विकायचं काही नव्हतं. खोटा दाखला ओळखू यावा, हा हेतू.

विकत घेतलेल्या एनएफटीचं तसं नाही. चित्राची एनएफटी घेतली म्हणून चित्राचे हक्क आपोआप मिळत नाहीत. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. तोटा मात्र दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

शिवाय नोंदीची गुप्त किल्ली बहुधा मोबाइलमध्ये असते. मोबाइल नवऱ्याच्या खिशात, तर मालकीही त्याचीच. १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनं सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाट काढली. पण नाव लागलं म्हणजे कारभार हाती आला असं होत नाही, हे आपण जाणतो.

म्हणून अंबड-परतूरच्या गटांनी बचतीला हात लावण्याआधी विचारावं : किल्ली कुणाकडे?