घड्याळाबरोबर चालणारे गाव



'पडद्यावरचे खेळ' एवढे शब्द उच्चारले की आपल्या घरांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते ते सारे खेळ एकाच माळेचे मणी : वेळेचा अपव्यय, डोळ्यांस अपाय आणि अभ्यासाची हानी. दुसऱ्या पक्षापाशी युक्तिवाद फारसा नसतो. हट्ट मात्र भरपूर असतो. खेळ कसला आहे हे पाहण्याची तसदी दोघांपैकी कोणीच घेत नाही. पुस्तकांत उत्तम, मध्यम आणि टाकाऊ असे भेद असतात, हे आपण मान्य करतो. नाटकांतही ते मानतो. मग खेळांसच सरसकट एका तराजूत का घालावे? म्हणून आम्ही येथे एकच खेळ घेऊन त्याची पारख करणार आहोत.

जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने १४ एप्रिल २००१ रोजी 'दोबुत्सु नो मोरी' म्हणजे 'प्राण्यांचे वन' या नावाचा एक खेळ प्रसिद्ध केला. घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या 'निन्टेन्डो ६४' या यंत्रासाठी तो होता. पुढे २००२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती 'ॲनिमल क्रॉसिंग' या नावाने अमेरिकेत गेली, आणि आज तो खेळ जगभर त्याच नावाने ओळखला जातो. यात शत्रू नाही, युद्ध नाही, जय नाही की पराजय नाही. खेळणारा एका चिमुकल्या गावात राहावयास येतो. शेजारी म्हणून मांजर, अस्वल, बेडूक असे बोलके प्राणी असतात. झाडांची फळे काढावी, नदीवर गळ टाकावा, फुलपाखरे धरावी, शेजाऱ्यांस पत्रे लिहावी, घर सजवावे, एवढाच येथला व्यवसाय. गावात एक संग्रहालय असून त्याचा व्यवस्थापक एक विद्वान घुबड आहे. आपण आणून दिलेला प्रत्येक मासा, कीटक व जीवाश्म तो मांडून ठेवतो. गंमत अशी की या पंडितास कीटकांची विलक्षण किळस आहे! आपल्याकडे मुली भातुकली मांडतात, दिवाळीत मुले अंगणात किल्ला रचून त्यावर आळीव पेरतात आणि पायथ्याशी विहीर, बाजार व शेत असलेले गाव वसवितात. हा खेळ त्याच कुळातला आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु या गावाचा खरा विशेष निराळाच आहे. ते घड्याळाबरोबर चालते. आपल्याकडे सकाळ तर तेथे सकाळ. येथे रात्र तर तेथेही चांदणे. त्या पहिल्या यंत्रात काळ मोजण्याची सोय नव्हती; म्हणून रचनाकारांनी खेळाच्या कार्ट्रिजमध्येच घड्याळ बसविले. एकदा तोडलेल्या झाडास तीन दिवसांनी पुन्हा फळ येते. दुकान रात्री बंद होते, आणि उशिरा येणाऱ्यास दारावरून परतावे लागते. काजवे पाहावयाचे तर जूनची, झिल्लीचे किर्र गाणे ऐकावयाचे तर जुलैची वाट पाहावी लागते. आपण गेलो नाही तरी गाव थांबत नाही. तण माजते, आणि शेजारी 'इतके दिवस होतात कुठे?' असे विचारतात. इतर अनेक खेळ आपल्या बोटाच्या इशाऱ्यावर धावतात. येथे आपल्यालाच काळाच्या चालीने चालावे लागते. किल्ल्यावरचे आळीव एका रात्रीत उगवत नाही, हे ज्याने पाहिले आहे, त्यास या खेळाची गोडी समजावून सांगावयास नको.

हे घड्याळ केवळ शोभेसाठी बसविले नव्हते. या खेळाचे एक प्रमुख रचनाकार कात्सुया एगुची हे चिबा येथून नोकरीनिमित्त क्योटो शहरी आले. आप्त व स्नेही मागे राहिले. त्यांच्याजवळ असणे, त्यांच्याशी बोलणे, त्यांच्याबरोबर खेळणे यांचे मोल दूर आल्यावरच आपल्याला कळले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. क्योटोत त्यांचा स्वतःचा संसार थाटल्यावरही एक उणीव उरलीच. कामावरून ते रात्री फार उशिरा घरी येत. घरची माणसे खेळ खेळत, तेही खेळत. पण बरोबरीने नव्हे. मग एकाच वेळी जमता येत नसले, तरी एकाच जागी काही ठेवून जाता येईल असा खेळ का असू नये? या विचारातून हे गाव जन्मास आले. त्यात चार माणसांची चार घरे होती. मुलाने दुपारी झाड लावावे, आईने सायंकाळी ते पाहावे, आणि मध्यरात्री परतलेल्या वडिलांनी टपालपेटी उघडावी तो आत मुलाचे पत्र आणि सोबत एक पेअर! चौघांचे दिवस निराळे, पण गाव एक व घड्याळही एक. घड्याळ सर्वांचे म्हणूनच गाव सर्वांचे.

ही कथा आपल्यासारख्यांस परकी वाटू नये. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील कित्येक मराठी घराण्यांचे मूळ पुरुष असेच चाकरीच्या निमित्ताने घर सोडून आले. गावी धाडलेल्या पत्रांवर त्यांनी आपली नाती जगविली. आज अंतराची अडचण उरलेली नाही. एकाच छपराखाली राहूनही भेट न होण्याची अडचण मात्र वाढली आहे. एकाची पाळी रात्रीची, दुसऱ्याची शिकवणी पहाटेची. जेवणाची ताटे निरनिराळ्या वेळी वाढली जातात. अशा घरात एकमेकांसाठी काही ठेवून जाण्याची सवय लावणारा खेळ आम्हांस निरुपयोगी वाटत नाही.

या कसोटीवर एक लबाडी मात्र अक्षम्य ठरते. पुष्कळ खेळाडू यंत्राचे घड्याळ पुढे सरकवितात आणि उद्याचे फळ आजच तोडतात. एकट्याने असे केले तर तो आपलाच रस घालवितो. पण गाव सामाईक असेल तर घरातल्या इतरांचेही दिवस तो गिळून टाकतो. या खेळात रविवारी सकाळी सलगम विकत घ्यावे आणि आठवड्यात भाव चढला की विकावे, असा एक व्यापार आहे. जपानी भाषेत 'काबू' हा शब्द सलगमासही लावतात आणि कंपनीच्या शेअरलाही. म्हणून हा विनोद. पुढच्या रविवारपर्यंत न विकलेला माल सडतो. थोरल्या भावाने उतावीळपणे घड्याळ पुढे नेले, तर धाकट्या बहिणीने जपून ठेवलेले सलगम एका क्षणात नासतात. दुसऱ्याचा वेळ आपल्या मालकीचा नव्हे, हा धडा याहून सोप्या रीतीने क्वचितच शिकविला गेला असेल.

पुढे २० मार्च २०२० रोजी या मालिकेतील 'न्यू होरायझन्स' हा खेळ 'स्विच' या यंत्रावर आला. त्याच महिन्यात महामारीने निम्म्या जगाची दारे बंद केली. आपल्या देशात २५ मार्चपासून टाळेबंदी सुरू झाली. पहिल्या सहा आठवड्यांत या खेळाच्या १ कोटी ३० लाखांहून अधिक प्रती खपल्या. माणसांनी परस्परांच्या बेटांवर वाढदिवस साजरे केले, पदवीदानाचे सोहळे आणि विवाहदेखील मांडले. एगुचींनी घरापुरती मांडलेली सोय साऱ्या जगास कामी आली.

तथापि या आवृत्तीविषयी आमची तक्रार आहे, आणि ती सौम्य शब्दांत मांडण्याचे कारण दिसत नाही. एका यंत्रावर एकच बेट वसविता येते. त्यावर आठ जणांना राहता येते, हे खरे. पण जो प्रथम येईल तो बेटाचा प्रतिनिधी ठरतो. पूल कोठे बांधावा, दुकान कोठे उभारावे, हे तोच ठरविणार. मागाहून आलेल्या भावंडांनी केवळ राहावयाचे! पहिल्या गावात चारही घरांचा मान सारखा होता. येथे एक पाटील आणि बाकीची कुळे. शिवाय प्रत्येक लहानसहान कृतीस 'माइल्स' नावाचे बक्षीस मिळते, आणि एक काम संपते न संपते तोच दुसरे पुढे येऊन उभे राहते. वाट पाहावयास शिकविणाऱ्या खेळात ही घाई कशासाठी? टॉम नूक नावाचा दुकानदार घरासाठी ९८,००० बेल्सचे पहिले कर्ज देतो, त्यास व्याज नाही आणि मुदतही नाही. इतका उदार सावकार निर्माण करणाऱ्यांनी खेळणाऱ्यास श्वास घेण्याचीही सवलत द्यावयास हवी होती.

कोणी म्हणेल, चित्रातल्या अस्वलास पत्र लिहिण्यापेक्षा शेजारच्या आजींची विचारपूस करावी. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. अस्वलाची नाराजी एका भेटवस्तूने दूर होते, माणसाची होत नाही. म्हणून माणसाशी वागण्याचे शिक्षण माणसांतच मिळते. परंतु हा आक्षेप एकट्याने, दार लावून, तासन्‌तास खेळणाऱ्यास लागू पडतो. ज्या घरात चौघे मिळून एक गाव राखतात, तेथे त्या अस्वलाच्या निमित्ताने माणसेच एकमेकांशी बोलत असतात.

तेव्हा आमचे सांगणे असे. हा खेळ घरी असेल, तर वडिलांनी त्यावर बंदी घालण्याआधी त्यात आपले एक घर बांधावे. प्रतिनिधीचा मान ज्यास मिळाला असेल, त्याने पूल बांधण्यापूर्वी सर्वांचे मत घ्यावे. घड्याळास कोणीही हात लावू नये. दिवसाची कामे अर्ध्या तासात उरकतात. ती उरकली की यंत्र बंद करावे, गाव आपल्याविना उद्यापर्यंत सुखाने राहील. आणि ज्या घरी असे यंत्र नाही, तेथे काहीच उणे नाही. दाराशी एक कुंडी ठेवावी, त्यात बी पेरावे, आणि पाणी घालण्याची पाळी सर्वांनी वाटून घ्यावी.