काट्यावरची मोटार

दिवाळीत वजनकाट्यावर पाय ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेत ड्रॅग शर्यतीत उतरणाऱ्या हौशी गृहस्थाला मात्र हे सुख नाही. पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सरळ रस्ता; दोनच गाड्या; आणि आधीच पडलेला प्रश्न: उतरावे कोणत्या वर्गात?

1951 साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रीय संघटनेच्या 'स्टॉक' गटात, एका अश्वशक्तीमागे किती पौंड वजन, यावर वर्ग ठरतो. शंभर पौंड वाढले की सेकंदाचा दहावा भाग जातो, असा ठोकताळा आहे. म्हणून नवखा हलक्या वर्गाकडे धावतो; पण तिथली ठरीव वेळही तितकीच कडक! जाणता आधी गाडी हलकी करतो आणि हवे तेवढे वजन मागच्या चाकांजवळ बोल्टांनी घट्ट बसवतो. चाकांना पकडही मिळते. शिवाय चार पौंड जास्तच ठेवतो; कारण शर्यतीनंतर गाडी चालकासकट पुन्हा काट्यावर चढते. तोवर थोडे पेट्रोल जळलेले असते, आणि वजन कमी भरले तर जिंकलेली शर्यतही हातची जाते.

तेव्हा वाचकहो, आणखी एक चकली घ्या. वजन कमी भरणेही कधी महागात पडते!